‘नवा शिपाई’: बंडखोर तरुणाच्या प्रतिमेचा पुनर्विचार

प्रस्तावना :
आधुनिक मराठी कवितेचे प्रवर्तक केशवसुत (1866–1905) यांचे खानदेशाशी निकटचे नाते आहे. 1904 साली धारवाडला जाण्यापूर्वी आजच्या जळगाव जिल्ह्यातील भडगाव व फैजपूर येथे त्यांनी अध्यापन केले. त्यांच्या ‘तुतारी’ (1893) आणि ‘नवा शिपाई’ (1898) या कविता वर्गात बहुधा ‘सामाजिक बंडखोरी’ या एकाच शीर्षकाखाली शिकविल्या जातात. त्यामुळे दुसऱ्या कवितेचे वेगळेपण झाकले जाते. प्रस्तुत लेखात ‘नवा शिपाई’ या छोटेखानी कवितेतील तरुणाच्या बंडाचे स्वरूप तपासले आहे.

विश्लेषण :
‘तुतारी’त कवी इतरांना हाक देतो. ‘नवा शिपाई’त मात्र तरुण स्वतःविषयी बोलतो. आवाहनाची जागा येथे आत्मनिवेदनाने घेतली आहे. आपल्याला कोण ताळ्यावर आणतो ते पाहूच, असे तो आरंभीच बजावतो. जात, धर्म, पंथ ही सारी बिरुदे नाकारतो. परंतु या नकारामागे वैराग्य नाही, भूक आहे. तुकड्यावर तिचे समाधान होत नाही. मळ्याभोवतीचे कुंपण त्याला असह्य होते, कारण त्याला सबंध विश्व आपलेसे करावयाचे आहे.

विशेष म्हणजे शिपायाच्या या कवितेत रणांगण नाही, शस्त्र नाही, नाव घेऊन दाखविलेला शत्रूही नाही. पुढील कडव्यांत गवत, आकाश, मुले, फुले आणि सर्वत्र भेटणारी भावंडे येतात. आव्हानाचे ध्रुवपद मात्र पुनःपुन्हा परतते. पहिल्यांदा ते उद्दाम वाटते. आपलेपणाच्या अनुभवानंतर तेच शब्द निश्चयाचे वाटू लागतात. शब्द तेच राहून त्यांचा अर्थ पालटतो, हे या रचनेचे खरे सामर्थ्य होय.

तिळावर पाकाचे कण चढून हलवा तयार होतो, ही संक्रांतीच्या घरगुती अनुभवातील प्रतिमाही याच दृष्टीने महत्त्वाची आहे. व्यक्ती वरून निराळ्या दिसल्या तरी आतला तीळ समान आहे. समतेचे तत्त्व कवीने स्वयंपाकघरातून उचलले आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. आरंभी हा तरुण संकुचित वृत्तीच्या लोकांना पतित ठरवितो. पुढे साधू व अधम हा भेदच मावळल्याचे सांगतो. मग बंड कोणाविरुद्ध? ही विसंगती नाकारता येत नाही. सर्वांना सारखेच थोर मानले तर अन्याय करणाऱ्याला जाब विचारण्याचा आधार दुबळा होतो. अद्वैताच्या भूमिकेने बंडाची धार येथे काहीशी बोथट केली आहे. तथापि कुंपण घालणाऱ्यालाही कुंपणाबाहेर काढावयाचे नाही, ही या बंडाची नैतिक अट आहे. विसंगती तिच्यातूनच उद्भवते.

निष्कर्ष :
शांततेच्या राज्याचा दूत म्हणून शेवटी उभा राहणारा हा तरुण मोडतोडीपेक्षा विस्ताराची आकांक्षा बाळगतो. म्हणून ‘बंडखोर’ हे विशेषण विद्यार्थ्यांच्या हाती देऊन अध्यापकाने थांबू नये. हा तरुण काय नाकारतो याबरोबरच कोणाला आपले म्हणतो, हा प्रश्न वर्गात विचारला गेला पाहिजे. ज्या भागात कवीने स्वतः शिक्षकी केली, तेथील अध्यापकांवर ही जबाबदारी विशेषत्वाने येते.