पंधरा माणसांचे जेवण: खेळविश्वातील जादूचा हिशेब

कथेत असंभाव्य गोष्टींना किती जागा द्यावी, हा वाद मराठी समीक्षेला नवा नाही. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांचा ‘नावल व नाटक ह्यांविषयी निबंध’ १८७२चा आणि इतिहासाचार्य राजवाडे यांचा ‘कादंबरी’ हा निबंध १९०२चा. हाच वाद गेली पन्नास वर्षे आणखी एका ठिकाणी चालू आहे आणि आपल्या समीक्षेने तिकडे फारसे पाहिलेले नाही. ते ठिकाण म्हणजे अद्भुतरम्य भूमिका-खेळांची नियमपुस्तके. मी कोणत्याही विद्यापीठाचा अभ्यासक नाही. ही पुस्तके हौसेने जमवत आणि वाङ्मय म्हणून वाचत आलो. त्या वाचनातून हाती लागलेला एक मुद्दा येथे मांडतो.

अपरिचितांसाठी थोडी ओळख. चार-सहा जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण एक पात्र चालवतो आणि एक जण सूत्रधार असतो. ‘मी दार उघडतो’ असे खेळाडू म्हणतो; पुढे काय झाले ते फासे आणि सूत्रधार ठरवतात. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध झाला, तो या प्रकाराचा आरंभ. हे प्रसंग ज्या कल्पित जगात घडतात, त्याला मी खेळविश्व म्हणतो.

अशा विश्वात जादू किती असावी? ठरलेले उत्तर असे, की ती दुर्मीळ असावी, कारण सर्रास झाली की नवल ओसरते. आधाराला टॉल्किनचे नाव येते. त्याच्या कादंबरीत गँडाल्फ आपली शक्ती क्वचितच वापरतो आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, तो भव्य वाटतो.

हे उत्तर कादंबरीपुरते ठीक आहे, खेळाला मात्र ते पुरत नाही. गँडाल्फने अमुक वेळी मंत्र का वापरला नाही, असे वाचकाला वाटले तरी त्याला पुस्तक थांबवता येत नाही. लेखक मौन पाळू शकतो. खेळात जादू खेळाडूच्याच हातात असते आणि तो लगेच विचारतो, ‘मला हे करता येते, तर या गावाच्या पुरोहितानेही आधीच का केले नाही?’ सूत्रधाराला तिथे मौन परवडत नाही.

एक उदाहरण हिशेबासह पाहू. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत अन्नपाणी निर्माण करणारा मंत्र आहे. पाचव्या पातळीच्या पुरोहिताला तो वापरता येतो आणि प्रत्येक पातळीमागे तीन माणसांची एका दिवसाची सोय होते. म्हणजे एका वेळी १५ माणसे. त्याच आवृत्तीत वस्तीच्या आकारावरून तेथील पुरोहितांची पातळी काढण्याचे कोष्टकही आहे. २,००१ ते ५,००० लोकवस्तीच्या गावात सर्वांत श्रेष्ठ पुरोहित चौथ्या ते नवव्या पातळीचा निघतो. म्हणजे असा मंत्र जाणणारा माणूस अशा बहुतेक गावांत असणार, आणि हे नियमांनीच ठरवून दिलेले आहे.

आता दुष्काळ पडला असे समजा. पंधरा जणांच्या जेवणाने गाव जगत नाही. शेती आणि कोठारे लागतातच. पण ते पंधरा कोण? मंदिराला देणगी देणारे, पाटलाच्या घरचे, की तान्ह्या मुलांच्या आया? जादू किती, या प्रश्नाचे उत्तर येथे आकड्यात मिळाले आहे आणि तरीही त्या गावाविषयी आपल्याला काहीच कळलेले नाही. गाव कळते ते वाटप कळल्यावर. बहुसंख्य खेळविश्वे मंत्र देतात, कोष्टक देतात आणि गाव मात्र जादू नसलेल्या मध्ययुगीन युरोपसारखे रंगवतात. माझा आक्षेप या विसंगतीवर आहे.

ज्यांनी ही विसंगती टाळली अशी तीन विश्वे मला महत्त्वाची वाटतात.

पहिले ‘डार्क सन’, १९९१चे. येथे जादूगाराला शक्ती मिळते ती वनस्पतींच्या प्राणातून. बेपर्वाईने मंत्र टाकला की भोवतालची जमीन राख होते. अशाच जादूने अथास हे जग वाळवंट झाले आहे. नगरांवर जादूगार-राजे सत्ता गाजवतात आणि सामान्य लोक जादूगार दिसला की जिवावर उठतात. जादू दुर्मीळ का, याचे उत्तर मातीत लिहिलेले आहे. गंमत अशी, की याच विश्वात खेळाडूंच्या प्रत्येक पात्राकडे काही ना काही मानसिक शक्ती असते. मग या जगात अद्भुत कमी म्हणायचे की जास्त? मोजमाप येथे निरुपयोगी ठरते.

दुसरे ‘एबेरॉन’, २००४चे. प्रकाशकांनी जाहीर केलेल्या शोधात आलेल्या हजारो प्रस्तावांतून कीथ बेकर यांचे हे विश्व निवडले गेले. येथे थोर जादूगार मोजकेच, पण लहानसहान जादू सर्वत्र आहे: रस्त्यावर मंत्राचे दिवे, शहरांदरम्यान विजेवर धावणारी गाडी. ही जादू मोठ्या घराण्यांच्या हाती आहे. उपचार एका घराण्याकडे, वाहतूक दुसऱ्याकडे, निरोप पोचवणे तिसऱ्याकडे, आणि प्रत्येक सेवेला दर आहे. जादूचा धंदा झाला की काय होते, हे या विश्वाला ठाऊक आहे. युद्धासाठी घडवलेल्या सजीव यंत्रमानवांना शेवटी तहाने स्वातंत्र्य मिळते. पण गाडी ओढण्यासाठी जखडलेल्या वायुतत्त्वाला तो तह लागू होत नाही. ही फट मला या विश्वाचा दोष वाटत नाही. उत्तम खेळ तिथूनच सुरू होऊ शकतो.

तिसरे ग्लोरँथा. ग्रेग स्टॅफर्ड यांच्या या विश्वावर आधारलेला ‘रूनक्वेस्ट’ १९७८ साली आला. येथे लढवय्या काय किंवा शेतकरी काय, जखम भरण्याचे, शस्त्राला धार आणण्याचे छोटे मंत्र सामान्य माणसालाही येतात. मोठ्या शक्तीसाठी मात्र एखाद्या दैवताच्या संप्रदायात जावे लागते आणि त्याचे नियम, वेळ, निष्ठा हे सारे द्यावे लागते. जादू इतकी सर्रास असूनही नवल ओसरत नाही, कारण ती माणसाला कुणाशी तरी बांधते. आपल्याकडे कुळाचार पाळणाऱ्या घराला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

तिन्ही ठिकाणी जादूचे प्रमाण वेगळे आहे, पण प्रत्येकाने तिची किंमत ठरवली आहे. एकात ती माती देते, दुसऱ्यात गिऱ्हाईक देते, तिसऱ्यात भक्त देतो. ‘दुर्मीळ की सर्रास’ हा प्रश्न म्हणूनच मला अपुरा वाटतो. जादू कुणाच्या हाती आहे, तिची किंमत कोण मोजतो आणि ती नाकारली गेलेला माणूस कुठे राहतो, हे तीन प्रश्न विचारले की प्रमाण बहुधा आपोआप ठरते.

यावर एक आक्षेप येऊ शकतो. चार घटका करमणुकीसाठी बसलेल्यांनी अर्थशास्त्र का शिकावे? शिकण्याची गरज नाहीच. प्रत्येक संध्याकाळी दुष्काळ आणावा, असेही माझे म्हणणे नाही. पण खेळाडू पंधरा जणांचे अन्न निर्माण करतो आणि दाराबाहेर सोळावा उभा असतो, त्या क्षणी टेबलावर जो निर्णय होतो तो खराच असतो. अन्न कल्पित असते. कुणाला आत घ्यायचे ही निवड मात्र खेळणाऱ्यांची असते. अद्भुताकडे पलायन म्हणून पाहण्याची आपली सवय जुनी आहे. चांगल्या खेळविश्वात त्या सोळाव्या माणसाला नाव असते, घर असते, आणि त्याला चुकवून पळता येत नाही.