८६ टक्के आले कुठून? ‘डायरेक्ट’ ट्रायल वाचताना



आज वाचायला घेतलेला पेपर तुमच्यापैकी अनेकांनी न वाचताही ऐकलेला असेल. ‘१५ किलो वजन उतरवा, ८६ टक्के लोकांची शुगर जाते’ हे वाक्य फॅमिली ग्रुपवर एकदा तरी येऊन गेलेलं असतंच. त्याचा उगम म्हणजे ‘डायरेक्ट’ ही ब्रिटनमधली ट्रायल. माइक लीन, रॉय टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा पेपर डिसेंबर २०१७ मध्ये ‘द लॅन्सेट’ने ऑनलाइन प्रसिद्ध केला.

आधी एक कबुली देते. मागच्या वर्षी बाबांना टाइप २ मधुमेह निघाला. एचबीएवनसी ७.८. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन सुरू केलं, चालायला सांगितलं, वजन कमी करायला सांगितलं. मी घरातली ‘सायन्सवाली’, म्हणून फोन मला आला. मी अ‍ॅबस्ट्रॅक्ट आणि एक ग्राफ बघून ऐटीत सांगितलं, “बाबा, १५ किलो उतरवा, ८६ टक्के चान्स आहे.” त्या वाक्यात मी काय चूक केली, तेच आज लिहायचं आहे.

ट्रायल नेमकी काय होती

स्कॉटलंड आणि टाइनसाइडमधल्या ४९ दवाखान्यांत ही ट्रायल झाली. वय २० ते ६५, मधुमेह निघून जास्तीत जास्त सहा वर्षं झालेली, बीएमआय २७ ते ४५, आणि इन्सुलिन सुरू नसलेलं, अशा लोकांना त्यात घेतलं. विश्लेषणात दोन्ही गटांत प्रत्येकी १४९ जण होते. एका गटाला नेहमीचे उपचार. दुसऱ्या गटाच्या मधुमेहाच्या आणि ब्लड प्रेशरच्या गोळ्या पहिल्या दिवशी थांबवल्या आणि तीन ते पाच महिने रोज फक्त ८२५ ते ८५३ किलोकॅलरी दिल्या, त्याही शेक आणि सूपच्या पाकिटांतून. मग हळूहळू नेहमीचं जेवण आणि नर्स किंवा आहारतज्ज्ञाकडे नियमित फेऱ्या. गरज पडली तर गोळ्या परत सुरू करण्याचे नियम आधीच ठरलेले होते.

रेमिशन म्हणजे काय, हेही आधीच ठरवलं होतं: मधुमेहाच्या सगळ्या गोळ्या बंद होऊन किमान दोन महिने झालेले आणि तरीही एचबीएवनसी ६.५ च्या खाली. बाराव्या महिन्यात पहिल्या गटात ४ टक्के लोक रेमिशनमध्ये होते, दुसऱ्या गटात ४६ टक्के.

हा खरोखर मोठा फरक आहे. काम नीट केलंय हेही मान्य करायला हवं. चिठ्ठी रुग्णांच्या नावाने नाही, दवाखान्यांच्या नावाने टाकली, कारण एकच नर्स एका रुग्णाला नवी पद्धत शिकवेल आणि दुसऱ्याला काहीच सांगणार नाही, असं प्रत्यक्षात होत नाही. ज्यांची शेवटची तपासणी मिळाली नाही त्यांना ‘रेमिशन नाही’ असं धरलं, म्हणजे आकडा फुगवण्याची सोय स्वतःच बंद केली. कोण कुठल्या गटात हे सगळ्यांना माहीत होतं, ही मर्यादा आहेच. पण शेक पिणाऱ्यापासून शेक लपवणार कसा? आणि एचबीएवनसी रक्तातून मोजतात, ते कुणाच्या मतावर ठरत नाही.

मग ८६ टक्के?

हा आकडाही त्याच पेपरात आहे, पण वेगळ्या जागी. लेखकांनी दोन्ही गट एकत्र केले आणि कुणाचं वजन किती उतरलं यावरून लोकांची पुन्हा वाटणी केली. वजन वाढलेले ७६ जण, रेमिशन शून्य. ५ किलोपर्यंत उतरलेल्यांत ७ टक्के, ५ ते १० किलोवाल्यांत ३४, १० ते १५ मध्ये ५७, आणि १५ किलो किंवा जास्त उतरवलेल्या ३६ जणांपैकी ३१. हेच ते ८६ टक्के.

आता छेद बघा. ३६! हे छत्तीसच्या छत्तीस जण नव्या पद्धतीच्या गटातले होते, म्हणजे १४९ मधले. इतका कडक आहार, इतका पाठिंबा देऊनही चारातल्या एकालाच १५ किलो जमलं. ‘ही पद्धत सुरू केली तर माझं काय होईल?’ या प्रश्नाचं उत्तर ४६ टक्के आहे. ८६ टक्के हे ‘ज्यांना १५ किलो जमलं, त्यांचं काय झालं?’ याचं उत्तर आहे.

आपल्याकडच्या कोचिंग क्लासचे फ्लेक्स आठवा. ‘आमच्या सर्व टेस्ट देणाऱ्यांपैकी ८६% पास!’ सगळ्या टेस्ट कोण देतो? ज्याचा अभ्यास आधीच बरा आहे, घरून त्रास नाही, आजारपण आलं नाही, तो. टेस्टचा फायदा झाला असेलही, पण किती झाला हे त्या फ्लेक्सवरून कळत नाही. इथेही तसंच. ज्यांना १५ किलो जमले त्यांचा आजार कदाचित नवा असेल, स्वादुपिंडात दम जास्त उरला असेल. चिठ्ठी टाकून दोन गट सारखे झाले होते. वजनावरून पुन्हा वाटणी केली की तो सारखेपणा संपतो.

याचा अर्थ वजन आणि रेमिशनचा संबंध खोटा आहे असं नाही. पायरीपायरीने वाढत जाणारे आकडे आहेत, आणि यकृत व स्वादुपिंडातली चरबी उतरली की इन्सुलिनचं काम सुधारतं, हे टेलर यांच्या गटाने आधीच्या छोट्या अभ्यासांत दाखवलं होतं. माझी तक्रार लेखकांबद्दल कमी आणि आपल्याबद्दल जास्त आहे. त्यांनी तो तक्ता दिला, आपण त्याची हमी केली.

१५ किलो कुणाचे?

दुसरी गोष्ट मला लाज वाटावी इतकी साधी होती. ट्रायलमधल्या लोकांचं सरासरी वजन १०० किलोच्या आसपास होतं, आणि जवळपास सगळे गोरे होते. बाबांचं वजन ७२, उंची १६८ सेंटिमीटर, बीएमआय साधारण २५.५. म्हणजे त्यांना या ट्रायलमध्ये घेतलंच नसतं! शंभरातले १५ म्हणजे १५ टक्के. बहात्तरातले १५ म्हणजे २० टक्क्यांच्या वर, बाबा ५७ किलोवर आले असते. आपल्याकडे कमी बीएमआयलाच मधुमेह दिसतो, हे मी स्वतः सेमिनारमध्ये सांगितलेलं आहे. फोनवर बोलताना मात्र आठवलं नाही.

नंतर याच टेलर यांच्या गटाने कमी बीएमआयच्या २० जणांवर ‘रीट्यून’ हा अभ्यास केला, १४ जण रेमिशनमध्ये गेले. आशा वाटावी असा निकाल आहे, पण तिथे चिठ्ठीने पाडलेला, नेहमीचे उपचार घेणारा तुलनेचा गट नव्हता. त्यामुळे ‘७० टक्के’ असं म्हणायची घाई आता मी करणार नाही.

पुढच्या वर्षांचे आकडे

‘डायरेक्ट’मध्ये दोन वर्षांनी रेमिशन ३६ टक्के विरुद्ध ३ टक्के. पाच वर्षांनी १३ टक्के. ‘४६, ३६, १३, बघा कसं कोसळलं’ असं सोशल मीडियावर लिहिलं जातं. थांबा, पुन्हा छेद बघा. पहिले दोन आकडे १४९ पैकी आहेत. तिसरा पुढच्या पाहणीत राहिलेल्या ८५ जणांपैकी ११. बाकीच्या सगळ्यांना ‘रेमिशन नाही’ धरलं तर ११ भागिले १४९, म्हणजे ७ टक्के. उतरण खरी आहे, पण तीन आकडे एका रेषेत मांडता येत नाहीत.

बाबांचं काय झालं

बाबांनी भात सोडला, रात्रीची एक भाकरी कमी केली, रोज पाऊण तास चालू लागले. चार महिन्यांत ४ किलो उतरले. मग मला न सांगता गोळी बंद केली, कारण “तुझ्या त्या पेपरात गोळ्या बंदच केल्या होत्या ना?” त्या पेपरात ठरावीक अंतराने तपासणारी नर्स होती आणि गोळी परत सुरू करण्याचा नियम होता, हे मी सांगितलंच नव्हतं. महिन्याभराने शुगर वर गेली. त्याहून वाईट म्हणजे त्यांनी चालणंही सोडलं. “१५ मधले ४ झाले. नापासच की.”

चार किलोंनी ते नापास झाले नव्हते. थोडं वजन उतरलं तरी शुगर आणि ब्लड प्रेशर दोन्हीला मदत होते. रेमिशन झालं नाही म्हणजे काहीच झालं नाही, असं नसतं. डॉक्टरांनी गोळी परत सुरू केली. मी घरी जाऊन त्यांना हे सगळं कागदावर काढून दाखवलं, ३६ आणि १४९ सुद्धा. ते हिशेबाचे पक्के, हायस्कूलमध्ये क्लार्क होते. म्हणाले, “हे आधी सांगायचंस.” परवाचा एचबीएवनसी ६.९ आहे, गोळीसह, आणि चालणं सुरू आहे.

पुढचा पेपर उचलाल तेव्हा एक काम करा. अ‍ॅबस्ट्रॅक्टमधला सर्वांत आकर्षक टक्का घ्या आणि शेजारी पेन्सिलने तीन गोष्टी लिहा: छेदात किती जण आहेत, ते चिठ्ठीने त्या गटात आले की नंतर निकाल बघून काढले, आणि आपण ज्याला सांगणार आहोत तो माणूस त्या ट्रायलमध्ये बसला असता का. दहा मिनिटं लागतात. मी ती दहा मिनिटं दिली नव्हती.

भेटू पुढच्या पेपरसोबत.