वाचकाचा मिजाज आणि आमची शिफारस

शाळेच्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली आमच्याकडे आली, तेव्हापासून एक मागणी नेहमीची झाली आहे. "सर, मराठीत काहीतरी चांगलं द्या." आमची मुले उर्दू माध्यमाची. मराठी ती विषय म्हणून शिकतात. गुण मिळतात, गोडी लागतेच असे नाही. मग आम्ही कपाटातून एखादे पुस्तक काढून देतो. बरीच वर्षे आम्ही ते चुकीचे देत होतो.

चूक अशी, की आम्ही वाचकाचे नाव पाहत होतो, आवड पाहत नव्हतो. मुस्लिम मुलाला मुस्लिम पात्रांची गोष्ट दिली की ती त्याला आपली वाटेल, असा आमचा हिशेब. आपल्याकडे वाचनाच्या याद्या होतात त्याही बहुधा याच हिशेबाने. नववीतल्या एका मुलीला अशीच एक समाजचित्रण करणारी कादंबरी दिली. तिसऱ्या दिवशी ती परत आली. "सर, इसमें कुछ होताइच नहीं." ही मुलगी घरातल्या जुन्या इब्ने सफींवर वाढली होती. आम्ही तिला कधी विचारलेच नव्हते.

नुसते विचारूनही भागत नाही. इब्ने सफी आवडतात म्हणजे नेमके काय आवडते? १९५२ मध्ये सुरू झालेली 'जासूसी दुनिया' आणि १९५५ मधली 'इमरान सीरिज', दोन्हींत गुन्हा आहे, तपास आहे. पण फरीदीचा वाचक कोडे सुटण्याची वाट पाहतो, तर इमरानचा वाचक त्याच्या पुढच्या वेडगळपणाची. पहिल्याला बाबूराव अर्नाळकर द्यावेत, नारायण धारपांच्या भयकथा द्याव्यात. दुसरा त्यांना कंटाळेल. त्याच्यासाठी द. मा. मिरासदार. आमची मुलगी इमरानवाली निघाली. 'व्यंकूची शिकवणी' तिने भूगोलाच्या तासाला बाकाखाली धरून वाचली. आम्ही पाहून न पाहिल्यासारखे केले.

चि. वि. जोशींचा चिमणराव मात्र तिला जमला नाही. दोष विनोदाचा नव्हे. त्या घरातली बोली, सणवार, नात्यांतली थट्टा तिला परकी, आणि प्रत्येक ओळीचा अर्थ विचारत हसता येत नाही. मिरासदारांचा मास्तर कोणत्याही शाळेत भेटतो. (आमच्या शाळेत तर दोन आहेत.) म्हणून पुढे व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) दिली. वाक्ये छोटी, पुस्तक लहान, धनगरांच्या वाडीत आलेला एक तरुण मास्तर. त्यात आयबू आहे; ती त्याच्याविषयी बोलेल असे आम्हांला वाटले होते. जुना हिशेब इतक्या सहज सुटत नाही! ती बोलली दुष्काळाविषयी आणि मेंढरांविषयी.

हमीद दलवाईंच्या 'इंधन'ची (१९६५) गोष्ट याच्या उलट. दलवाईंच्या सामाजिक भूमिकेशी आपल्यापैकी अनेकांचे भांडण आहे, त्यामुळे ही कादंबरी न वाचताच बाजूला पडते. जे तिची शिफारस करतात तेही बहुधा त्या भूमिकेसाठीच करतात. आम्ही ती एका सहशिक्षकांना दिली, कारण त्यांना मंटो आवडतो. कोकणातल्या गावी परतलेला निवेदक माणसांची वासना, भीती आणि क्रौर्य डोळे न भिजवता सांगतो. मंटोच्या वाचकाला ही कोरडी नजर ओळखीची वाटते. दलवाईंचे नाव ऐकूनच कपाळाला आठ्या घालणारे हे गृहस्थ दुसऱ्या दिवशी म्हणाले, "माणूस काहीही असो, लिहिलंय खरं."

एका निवृत्त बाईंना मात्र आम्ही अजून समाधान देऊ शकलेलो नाही. त्यांनी कुर्रतुलऐन हैदर यांची 'आग का दरिया' (१९५९) तीनदा वाचली आहे. शतकानुशतके ओलांडत जाणारी, त्याच नावांची माणसे पुन्हा पुन्हा भेटवणारी अशी मराठी कादंबरी त्यांना हवी आहे. दोन जाड ऐतिहासिक कादंबऱ्या देऊन पाहिल्या. "यात राजे आहेत, काळ कुठे आहे?" म्हणत त्यांनी दोन्ही परत केल्या. तिसऱ्या पुस्तकाचा शोध चालू आहे. कोणाला सुचल्यास कळवावे.