संहितेवाचून नाटक

उन्हाळ्यातील नाट्यमहोत्सवासाठी बेलवलीहून मुंबईस जाणाऱ्या रसिकाला परतीच्या शेवटच्या गाडीचा हिशेब मनात ठेवूनच प्रयोगास बसावे लागते. एवढ्या खटाटोपानंतर 'उत्स्फूर्त नाट्य' म्हणून चार नटांची आपसांतील थट्टामस्करीच पदरी पडली, तर आम्हांला विचारावेसे वाटते : संहिता दूर सारली, एवढ्याने उत्स्फूर्तता येते काय?

कोकणातील दशावतारी नटाच्या हाती लिहिलेले संवाद नसतात. कथानक आणि प्रवेशांचा क्रम तेवढा आधी ठरतो. बोलणे रंगमंचावरच जुळते. परंतु पुराणकथा त्याच्या अंगी मुरलेली असते आणि समोरच्या नटाची लकब त्याला पाठ असते. म्हणूनच देव-दानवांचा वाद लांबला, तरी तो पोकळ वाटत नाही. शहरी प्रयोगांत नेमकी हीच शिदोरी अपुरी पडते.

'आविष्कार'ने १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रायोगिक नाटके केली. तेथे झगमगाट नव्हता, प्रेक्षक अगदी जवळ होता, आणि जवळच्या प्रेक्षकापासून नटाला आपली अपुरी तयारी लपविता येत नाही. (आताच्या महोत्सवांतील रंगीत दिवे पुष्कळ काही लपवितात!)

आपल्या धर्मग्रामातील नाताळच्या नाटिकेत मेंढपाळ झालेला मुलगा वाक्य विसरला, की प्रॉम्प्टरकडे पाहतो. वास्तविक ती कथा तो लहानपणापासून ऐकत आलेला असतो. येत्या नाताळात दिग्दर्शकांनी निदान मेंढपाळांचा प्रवेश तरी न लिहिता, मुलांशी चार-सहा आठवडे बोलून बसवून पाहावा.