पिनकोड आणि त्याचें ऐतिहासिक प्रामाण्य

सहा अंकी पिनकोड हा हल्लीं केवळ पाकिटावर राहिला नसून पोथ्यांच्या व दप्तरांच्या याद्यांतही स्थळाच्या रकान्यांत शिरूं पाहत आहे. लिहिण्यास सोपा, यंत्रास वाचण्यास सोपा. म्हणून संग्राहकांस त्याचा मोह पडावा हें स्वाभाविक आहे. तथापि ज्या कामासाठीं हा अंक निर्माण झाला तें काम व स्थळनिर्णयाचें काम हीं एक नव्हेत.

ही पद्धति भारतीय टपालखात्यानें ता. १५ ऑगस्ट १९७२ रोजीं सुरू केली. तिचे योजक श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतज्ञ व कवि होते. गांवांचीं नांवें सारखीं, पत्ते नाना लिपींत, अक्षर दुर्बोध, अशी अडचण होती. तीवर अंक हा उपाय योजिला गेला. पहिला अंक विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा छाननीच्या जिल्ह्याचा, आणि शेवटचे तीन प्रत्यक्ष पत्रें वांटणाऱ्या कचेरीचे. आरंभींचे १ ते ८ हे अंक देशाच्या आठ भूभागांस व ९ हा सैन्याच्या टपालास दिलेला आहे. टपाल वांटण्याच्या दृष्टीनें ही रचना उत्तम आहे, याबद्दल आमचा वाद नाहीं.

पण येथें ‘जिल्हा’ हा शब्द महसुली अर्थानें घेणें चुकीचें होय. ४१५ या आंकड्यांत घाटावरील सातारा (४१५००१) आहे आणि सह्याद्रीखालील रत्नागिरीही (४१५६१२) आहे. ४१६ मध्यें कोल्हापूर, सांगली व मालवण एकत्र येतात. गोमंतकाचें उदाहरण याहून बोलकें आहे. इ. स. १९८७ पर्यंत गोवा, दमण व दीव हा एकच केंद्रशासित प्रदेश होता. परंतु टपालानें गोव्यास ४०३ देऊन महाराष्ट्राशेजारीं बसविलें, आणि दमणास ३९६ व दीवास ३६२ देऊन गुजराथच्या रांगेंत घातलें. पुढें २००० सालीं छत्तीसगड व २०१४ सालीं तेलंगण हीं राज्यें झालीं, तरी रायपुराचा ४९२ व हैदराबादचा ५०० बदलला नाहीं. पिनकोडावरून प्रांताची सीमा काढूं पाहणारा टपालाच्या थैल्यांचा मार्ग तेवढा काढून बसेल.

जुन्या पत्त्याचा सांचा पाहावा. ‘मु. अमुक, पो. तमुक, ता., जि.’ यांत मुक्काम व पोस्ट हीं दोन स्थळें निरनिराळीं सांगितलीं आहेत. पिनकोड हा ‘पो.’चा अंक आहे, ‘मु.’चा नव्हे. एका वांटप-कचेरीखालीं अनेक खेडीं असतात. पोथी ज्या वाड्यांत सांपडली तें गांव यादींत न लिहितां नुसता अंक लिहिला, तर पुढील संशोधकास बाजाराचें गांव मिळेल, पोथीचें मिळणार नाहीं. मोडी पत्रांतील मुक्कामाचा उल्लेख आपण किती काळजीनें टिपतों! तोच नियम स्वतःच्या यादीस लावूं नये हें नवल आहे.

कालनिर्णयास मात्र हा अंक खरोखर उपयोगी आहे. छापील पत्रशीर्षावर किंवा ग्रंथालयाच्या शिक्क्यांत पिनकोड असेल, तर तो छाप १९७२ च्या पूर्वींचा असूं शकत नाहीं. छाप, पोथी नव्हे. शंभर वर्षांच्या पोथीवर नातवानें कालपरवां शिक्का मारलेला असतो. उलट दिशेनें हें प्रमाण लंगडें पडतें. ‘पुणें २’, ‘मुंबई १’ हे शहरांतील विभागांक पिनकोडाहून जुने. तेच ४११००२ व ४००००१ यांच्या शेवटीं सामावले गेले. लोकांच्या हाताची संवय मात्र एका दिवसांत गेली नाहीं. तेव्हां ‘पुणें २’ एवढेंच लिहिलेलें पाकीट १९७२ पूर्वींचेंच, असें म्हणतां येत नाहीं. तेथें तिकीट व टपालाचा शिक्का पाहिल्यावांचून निर्णय देऊं नये.

टपालखात्यानें २०२५ सालीं ‘डिजिपिन’ नांवाची दहा चिन्हांची खूण प्रसिद्ध केली. ती अक्षांश-रेखांशावरून निघते, सुमारें चार मीटर लांबीरुंदीचा चौकोन दाखविते, व कोणत्याही कचेरीवर अवलंबून नाहीं. वाड्याचें स्थान नोंदविण्यास ती पिनकोडाहून सरस आहे. पण चौकोनास नांव नसतें, आणि आपल्या कागदांत येतात तीं नांवेंच. यास्तव याद्यांत मुक्काम, तालुका व जिल्हा प्रथम अक्षरांत लिहावे, गांवाचें जुनें नांव असल्यास तेंही द्यावें, आणि अंक त्यापुढें कंसांत घालावा.