आरमारी 'वॉरंट' : एका भाषांतराची चिकित्सा

शिरूर व दौंड येथील संग्रह पाहण्याचा योग आम्हांस अनेकदां येतो. मोडी कागद असला कीं तो रुमालांत जपून बांधला जातो. इंग्रजी नोकरीचा कागद निघाला तर रद्दींत पडतो. क्वचित् कोणी तो वाचतो, तर 'वॉरंट ऑफिसर' म्हणजे 'सनदी अंमलदार' असें लिहून मोकळा होतो. या भाषांतरास आमची हरकत आहे.

सनद म्हणजे राज्यकर्त्यानें दिलेलें अधिकारपत्र, हा आपल्या दप्तरांतील रूढ अर्थ. तो शब्द कमिशनासच शोभेल. वॉरंटास 'परवाना' जवळचा. तथापि केवळ पत्रावरून भेद उलगडत नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं ब्रिटिश आरमारांत दोन्ही पत्रें ॲडमिरल्टीच देई. खरा भेद कामाचा. बोसनकडे दोर व शिडें, गनरकडे तोफा, कारपेंटरकडे लांकूडकाम. पूर्वीं जहाज नांगरून ठेविलें व इतर मंडळी पांगली, तरी हे तिघे त्यावरच राहत. आपले तांडेल, गोलंदाज व सुतार यांचेच हे सोयरे.

नोकरीचा कागद किती बोलतो, हें टॉम क्रीन या आयरिश खलाशावरून दिसेल. १८९३ सालीं तो आरमारांत पोरवयांत शिरला. पेटी ऑफिसर झाला, परंतु १९०१ सालीं पुन्हां साधा खलाशी केला गेला. कागदांत अपराध नमूद नाहीं. त्याच वर्षीं तो स्कॉटच्या 'डिस्कव्हरी' जहाजावर चढला. १९१२ सालीं दक्षिण ध्रुवप्रदेशांत आजारी लेफ्टनंट एव्हन्सच्या मदतीसाठीं तो सुमारें ३५ मैल बर्फांतून एकटा चालत गेला व त्याबद्दल अल्बर्ट पदक पावला. शॅकल्टनबरोबरची सफर आटोपल्यावर १९१६ सालीं त्यास बोसनचें वॉरंट मिळालें. १९२० सालीं दृष्टी अधू झाल्यानें तो निवृत्त झाला आणि गांवीं खानावळ चालवून राहिला. ग्रंथ त्यानें लिहिला नाहीं. बखरकाराच्या हातीं हें चरित्र पडतें, तर १९०१ ची पायउतार पहिल्यानें गाळली जाती!

आमच्या हरकतीस आणखी एक कारण आहे. मुंबईच्या रॉयल इंडियन मरीनमध्यें रत्नागिरीकडील मुसलमान खलाशांचा मोठा भरणा असे. पण तेथें हिंदी माणसास पहिलें कमिशन १९२८ सालीं मिळालें. त्यापूर्वींच्या कागदावर कोणीं 'सनदी' असें लिहिलें, तर तो पहिला मान भलत्याच्या पदरीं जाईल, आणि पुढचे लेखक तेंच उतरून घेतील.

शिरूरच्या जुन्या कबरस्तानांत १८०९ सालीं वारलेल्या कर्नल वॉलेसची कबर आहे. लोकांनीं त्यास सत्पुरुष मानून सुगीचें धान्य वाहिलें. कर्नलास दगड मिळाला आणि नैवेद्यही, वॉरंटवाल्यास कागदच. तेव्हां असा कागद सांपडल्यास जहाजांचीं नांवें, बढतीच्या व पायउतारीच्या तारखा जशाच्या तशा उतरून घ्याव्या, व 'वॉरंट' हा शब्द तूर्त तसाच ठेवावा.