पद्धत नाकारणारा पद्धतकार

इंग्रजी अध्यापनाच्या क्षेत्रात भारतातून निघून जगभर पोहोचलेला विचार कोणता, असे विचारले तर एन. एस. प्रभू यांच्या ‘बंगलोर प्रकल्पा’कडे बोट दाखवावे लागते. मात्र त्यांचा बोलबाला ज्या कारणाने झाला ते त्यांच्या विचाराचे पूर्वार्धच आहे, असे मला वाटते. उत्तरार्ध अधिक मोलाचा आहे आणि तोच कमी वाचला गेला.

१९७९च्या सुमारास आपल्या शाळांत रचनानुसारी पाठ्यक्रमाचे राज्य होते. शिक्षक दाराकडे चालत जाई, ‘आय अ‍ॅम ओपनिंग द डोअर’ म्हणे, आणि वर्ग ते एका सुरात घोके. वाक्य बिनचूक येई. वर्गाबाहेर मात्र ते ओठांवर येत नसे. यावर त्या वेळी इंग्लंडमधून येणारा उतारा असा, की मुलांना विनंती कशी करावी, माफी कशी मागावी, हे व्यवहार शिकवा. मद्रासच्या ब्रिटिश कौन्सिलमध्ये काम करणाऱ्या प्रभूंनी वेगळाच प्रश्न धरला : व्याकरण मुळात मनात रुजते कसे? मन अर्थाशी झटत असताना ते नकळत घडते, हे त्यांचे गृहीतक. मग पाठ्यक्रमातून व्याकरणाची यादीच काढून टाकायला हवी. १९८४पर्यंत दक्षिणेतल्या काही साध्या शाळांत त्यांनी सहकाऱ्यांसह हेच करून पाहिले.

तास कसा चाले, ते पाहण्याजोगे आहे. रेल्वेचे वेळापत्रक, नकाशा, घराचा आराखडा असे काहीतरी समोर असे. अमुक वाजता पोहोचायचे तर कोणती गाडी धरावी, यावर शिक्षक आधी साऱ्या वर्गाशी प्रश्नोत्तरे करी. मग तसेच दुसरे कोडे प्रत्येकाने एकट्याने सोडवायचे. निम्म्या मुलांना निम्मे काम जमले की कोडे योग्य कठीण, असा ढोबळ हिशेब. गटकार्याला प्रभूंचा विरोध होता. मुले आपापसात बोलू लागली तर एकमेकांचे अर्धेकच्चे इंग्रजीच पक्के होईल, ही त्यांची भीती. आज ‘टास्क’ म्हटले की बाके जोडून गट पाडणाऱ्या प्रशिक्षकांना हे बहुधा ठाऊक नसते.

अ‍ॅलन बेरेटा आणि अ‍ॅलन डेव्हिस यांनी केलेले मूल्यमापन १९८५ साली प्रसिद्ध झाले. निष्कर्ष प्रकल्पाच्या बाजूचा, पण सावध होता. रचनेच्या चाचणीत रचनेने शिकलेली मुले पुढे, टास्कच्या चाचणीत टास्कवाली; तटस्थ चाचण्यांत एकंदरीने प्रकल्पाची मुले सरस. बेरेटांनी पुढे दाखवलेली गोष्ट मला अधिक बोचरी वाटते : नेहमीच्या शाळाशिक्षकांपैकी बहुतेकांना ही रीत नीट पेलली नव्हती.

१९८७च्या ‘सेकंड लँग्वेज पेडगॉजी’ या पुस्तकाने प्रभू जगन्मान्य झाले. आता पद्धतीचा झेंडा मिरवायला हरकत नव्हती. त्यांनी १९९०मध्ये निबंध लिहिला तो सर्वोत्तम पद्धत असे काही का नसते, यावर! शिकवण्यातून शिकणे कसे घडते याची प्रत्येक शिक्षकाची एक आतली समजूत असते. ती जागी, बदलती असेल तर अध्यापन जिवंत, आणि ती गोठली की कोणतीही पद्धत निव्वळ रतीब. म्हणजे शत्रू वाईट पद्धत नव्हे, यांत्रिकपणा. स्वतःच्या कीर्तीच्या पायाखालची फळी काढणारा हा युक्तिवाद आहे. गंमत अशी, की जगाने प्रभूंना तरीही ‘टास्क’चे जनक म्हणूनच लक्षात ठेवले आणि त्या टास्कची पुढे एक रीतसर पद्धत करून टाकली.

तरी एक शंका उरतेच. महाराष्ट्राने २००० साली सर्व शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणले. ज्या गुरुजींचे स्वतःचे शिक्षण रचना घोकून झाले, इंग्रजीत चार वाक्ये सलग बोलायची ज्यांना धास्ती, त्यांच्या हाती तो विषय आला. अशा शिक्षकाच्या आतल्या समजुतीवर भिस्त ठेवायची, तर आधी त्याला त्या भाषेत मोकळे वाटायला हवे. ते कसे घडावे? प्रभूंच्या निबंधात याचे पुरेसे उत्तर मला सापडत नाही. प्रशिक्षणाच्या शिबिरांत तर हा प्रश्न विचारलाच जात नाही. तिथे नवी हस्तपुस्तिका वाटली जाते.